चातुर्मासात सोडलेला शब्द

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावाची ही गोष्ट. डोंगरावर डोंगराई देवीचं देऊळ, खाली गाव, आणि गावात देवीच्या पालखीचा मानकरी. मानकरी म्हणजे दसऱ्याला पालखी डोंगर उतरून गावात आली की तिच्यापुढे चालण्याचा मान ज्याच्या घराण्याकडे असतो तो. पालखी कुठून न्यायची, कुठे थांबवायची, हे त्याच्याच शब्दावर ठरायचं.

माणूस वाईट नव्हता हो. देवभोळा होता, हाताचा सढळ होता, दारी आलेल्याला ताक पाजल्याशिवाय जाऊ देत नसे. फक्त त्याला एक शब्द सापडला होता.

त्याचं असं झालं. एकदा काही कामानं तो राजाच्या दरबारी गेला. तिथे एक गरीब माणूस दिवाणजींपुढे हात जोडून बराच वेळ काहीतरी सांगत होता. दिवाणजींनी सगळं ऐकून घेतलं, पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "अव्यवहार्य."

झालं. तो माणूस मुकाट्यानं उठून गेला. ना वाद, ना तंटा.

मानकऱ्याला मोठी गंमत वाटली. बाहेर येऊन त्यानं एका शास्त्रीबुवांना अर्थ विचारला. शास्त्रीबुवा म्हणाले, "जे प्रत्यक्षात करू गेलं तर होत नाही, ते अव्यवहार्य." मानकऱ्यानं शब्द नीट पाठ केला. जत्रेहून पेढे आणावेत तसा तो गावाला घेऊन आला. अर्थ मात्र वाटेत कुठेतरी सांडला.

तेव्हापासून गावच्या पारावर कुणी काही सुचवलं की मानकरी डोळे मिटून म्हणायचा, "अव्यवहार्य."

"आबा, विहिरीला दुसरा रहाट बसवू या. बाया पहाटेपासून उभ्या असतात."

"अव्यवहार्य."

"आबा, मुलींनाही पंतोजींकडे धुळाक्षरं शिकायला बसवलं तर?"

"अव्यवहार्य."

शब्द एवढा मोठा, की त्याच्यापुढे कुणाला 'का' म्हणून विचारायचा धीर होत नसे. माणसं मान डोलवायची आणि घरी जायची. हळूहळू शब्द घराघरांत शिरला. शेण गोळा करायला सांगितलं की पोरं म्हणायची, "आज अव्यवहार्य आहे, आई." एका नव्या सुनेनं पुरण वाटायला सांगितल्यावर हेच उत्तर दिलं, तर सासू म्हणाली, "असं होय? तो बघ पाटा, तो वरवंटा. तिथं बसून सांग मला अर्थ, पुरण वाटता वाटता."

लोक हसायचे. पण गावाबाहेरच्या कुंभारआळीत एक घर होतं, तिथे या शब्दावर कुणी हसत नव्हतं.

त्या घरात एक म्हातारा कुंभार आणि त्याची बायको कोंडाबाई अशी दोघं राहायची. पूर्वी एकदा त्यांची एकुलती एक लेक बाळंतपणात अडली होती. वैदू हात टेकून बसला होता. तेव्हा कोंडाबाईनं डोंगराकडे तोंड करून पदर पसरला, "आई डोंगराई, माझी लेक मोकळी होऊ दे. माझ्या हातानं तुझी ओटी भरीन." लेक सुखरूप सुटली, नातू झाला. पण कोंडाबाई डोंगर चढायला निघणार, त्याआधीच भट्टीपाशी पाय घसरून पाठीवर पडली. ती जी आडवी झाली ती झालीच. हात चालायचे, बोलणं ठणठणीत होतं, पण उचलायला जावं तर कळ मस्तकात जायची. खाट नुसती हलवली तरी जीव घाबरा व्हायचा. दारापाशी खाट टाकलेली असायची, तेवढंच तिचं जग.

नवस बोललेला आणि फेडलेला नाही! बायामाणसांनाच ठाऊक असतं ते ओझं किती असतं. घास घशाखाली उतरत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून ओटी पाठवावी, तर बोलताना 'माझ्या हातानं' म्हटलेलं. म्हणून दर वर्षी घटस्थापनेला म्हातारा कुंभार पारावर यायचा आणि विनवायचा, "आबा, दसऱ्याला आईची पालखी एकदा आमच्या आळीतून न्या. दारात क्षणभर थांबली तरी पुरे. आमच्या मंडळींचा नवस फिटेल."

मानकऱ्यानं ऐकलेलं होतं की कुंभारआळी अरुंद आहे, मध्ये एक काटकोनी वळण आहे आणि पालखीचा लांबलचक दांडा तिथून वळणार नाही. शिवाय देवीची पालखी निघाली की ती मागे फिरवायची नाही, अशी जुनी रीत. तो डोळे मिटून म्हणायचा, "अव्यवहार्य."

म्हातारा तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत घरी जायचा. वाटेत विसरू नये म्हणून.

अशी कित्येक वर्षं गेली. मग एका आषाढात काय झालं ते ऐका.

चातुर्मास लागायचा होता. आपल्याकडे चातुर्मासात आवडीची एखादी गोष्ट सोडायचा नेम धरतात. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी गूळ सोडतं, कुणी पायातली वहाण सोडतं. मानकऱ्याचा जीव वांग्यात. भरलेलं वांगं, वांग्याचं भरीत, वांग्याच्या काचऱ्या. ताटात वांगं नसलं की त्याला जेवल्यासारखं वाटत नसे.

एकादशीला देवापुढे बसून त्याची बायको म्हणाली, "अहो, यंदा तुम्हीही नेम धरा. वांगं सोडा."

मानकरी दचकला. "वांगं? चार महिने? छे छे, अव्यवहार्य!"

बायको हसली. समईची वात पुढे सारत म्हणाली, "बरं, वांगं नाही तर नाही. मग हा शब्द सोडा."

"कुठला?"

"आत्ता म्हणालात तो. वांग्याहूनही जास्त वेळा तोंडात असतो तुमच्या."

मानकऱ्याला बरंच वाटलं. वांगं वाचलं! शब्दच तर सोडायचा. त्यानं तळहातावर पाणी घेतलं, डोंगराईचं नाव घेतलं आणि ताम्हनात सोडलं. "चार महिने तो शब्द माझ्या तोंडून निघणार नाही."

दुसऱ्याच दिवशी नेमाची किंमत कळायला लागली.

पारावर कुणीतरी रहाटाचं काढलं. मानकऱ्यानं सवयीनं डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि शब्द दातांशीच अडला. तो घाईनं म्हणाला, "ते... जमायचं नाही."

"का हो आबा?"

मानकऱ्यानं डोळे उघडले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मोठा शब्द दारावरच्या कुलपासारखा होता. 'जमायचं नाही' हे मात्र नुसतं लोटलेलं दार. कुणीही ढकलून आत डोकवावं.

"का म्हणजे... विहिरीचा काठ कच्चा असेल."

"नाही आबा, काठ दगडी आहे."

"मग... लाकूड कुठून आणणार?"

"कोसळलेला आंबा पडलाय की ओढ्यापाशी."

"बरं, बसवा मग," मानकरी म्हणाला. त्या आठवड्यात रहाट बसला. बायांनी येता-जाता त्याला नमस्कार केले, तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. पण आत कुठेतरी कुसळ टोचल्यासारखं झालं. इतकं सोपं होतं, तर मग आधी आपण काय म्हणत होतो? त्यानं तो विचार झटकला. माणूस असाच असतो, लाजेची पहिली चाहूल लागली की दुसरीकडे बघतो.

पाहता पाहता घटस्थापना आली. पारावर सगळं गाव जमलं. दसऱ्याच्या पालखीची बोलणी झाली. शेवटी म्हातारा कुंभार उठला. यंदा तो जास्तच वाकलेला दिसत होता.

"आबा, दर वर्षी सांगतो तेच. यंदा मंडळींची तब्येत उतरलीय. पुढचा दसरा दिसेल न दिसेल. तेवढी पालखी..."

मानकऱ्यानं तोंड उघडलं. शब्द आला. तो गिळला. घाम फुटला. 'जमायचं नाही' म्हणावं, तर लगेच 'का' येणार. आणि का, ते त्याला नीट ठाऊकच नव्हतं.

त्याची ती अवस्था पाहून त्याचा पुतण्या पुढे सरसावला. मोठा हजरजबाबी. म्हणाला, "काका, तुमचा नेम आहे. तुम्ही कशाला त्रास घेता? तुमच्या वतीनं मी म्हणतो. ऐका हो मंडळी, अव्यवहार्य!"

सगळा पार हसला. मानकरीही हसला. सुटल्यासारखा हसला. नेम मोडला नाही आणि काम झालं.

म्हातारा कुंभार मात्र हसला नाही. त्यानं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, तोच शब्द पुटपुटला आणि काठी टेकत निघून गेला.

घरी आल्यावर मानकऱ्यानं बायकोला मोठ्या कौतुकानं हा किस्सा सांगितला. ती देवापुढे घटाला पाणी घालत होती. तिनं माळ सारखी केली, हात पुसले.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "तुम्ही वांगं सोडलं असतंत, आणि पुतण्यानं आपल्या हातानं तुमच्या तोंडात घास घातला असता, तर नेम राहिला असता का हो?"

मानकऱ्याच्या तोंडचं हसू तिथेच वाळलं.

एवढं विचारून ती ताट वाढायला गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, उलट बोलता तरी आलं असतं. त्या दिवशी वांग्याचं भरीत होतं ताटात. त्याला ते कडू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाला न सांगता, तो कुंभारआळीकडे निघाला. जन्मापासून या गावात राहून तो त्या आळीत कधी शिरला नव्हता. मडकी घरपोच यायची, जायचं कारण काय? आळीच्या तोंडाशी राख, फुटकी खापरं, चिखल. धोतर उचलून धरत तो आत गेला.

आळी अरुंद होती, हे खरं. वळण होतं, हेही खरं. अगदी काटकोनी होतं, दांडा काही केल्या वळला नसता.

पण कोंडाबाईचं घर वळणाच्या अलीकडे होतं.

मानकरी जागच्या जागी थांबला. त्यानं घराकडे पाहिलं, दूरच्या वळणाकडे पाहिलं, पुन्हा घराकडे पाहिलं. पालखीला वळणापर्यंत जायचं कारणच नव्हतं. इतकी वर्षं जे वळण अडवत होतं, ते वाटेतच नव्हतं.

"कोण आहे? पुढं या ना," दारातल्या खाटेवरून आवाज आला.

मानकरी उंबऱ्याशी गेला. कोंडाबाईनं ओळखलं आणि बिचारी गडबडून पदर डोक्यावर ओढू लागली. "अगबाई, आबा तुम्ही? आमच्या दारात? बसा बसा. हे काल काही वावगं बोलले का? म्हातारं माणूस आहे, मनावर घेऊ नका. मीच हट्ट करते दर वर्षी."

मानकरी ओट्यावर टेकला.  कोंडाबाई आवाज खाली आणून म्हणाली, "आलाच आहात तर एक विचारते. रागावू नका."

"विचारा."

"तो शब्द, अव्यवहार्य. त्याचा अर्थ काय हो? माझं कुठलं पाप म्हणतात ते?"

"पाप?" मानकऱ्याला समजेचना.

"देवीच्या मानकऱ्याकडून येतो ना तो निरोप. म्हणजे आईचाच शब्द. मी आपलं धरून चालले की आईला माझ्या हातची ओटी नको आहे. काहीतरी दोष असल्याशिवाय का ती असं म्हणेल? पहिल्या वर्षी शुक्रवार धरले. पुढच्या वर्षी मीठ सोडलं. पाडव्याला कडुनिंब खाताना मनात म्हटलं, आई, काय चुकलं ते तरी सांग. पण दर वर्षी तोच शब्द येतो. म्हणजे अजून फिटलं नाही बघा."

बोलताना तिचा हात उशाशी गेला. तिथे एक गाठोडं होतं. त्यात खण, नारळ, हळकुंडं आणि निवडून स्वच्छ केलेले ओटीचे तांदूळ. "दर वर्षी ताजी भरून ठेवते. कधी बोलावेल सांगता येत नाही ना."

मानकऱ्याची कानशिलं तापली. भर उन्हात माणसाला अंगावर वस्त्र नसल्यासारखं वाटावं, तसं त्याला वाटलं. आपण डोळे मिटून टाकलेला शब्द या बाईनं देवीचा म्हणून उचलून घेतला होता. त्याच्यापायी मीठ सोडलं होतं. अन् आपल्याच्यानं साधं वांगं सुटलं नव्हतं.

"कोंडाबाई," तो कसाबसा म्हणाला, "तो शब्द देवीचा नाही. माझा आहे. तुमचं काही चुकलेलं नाही."

"मग अर्थ काय त्याचा?"

मानकऱ्यानं खाली पाहिलं. "करू गेलं तर होत नाही, असा अर्थ आहे."

"असं होय," कोंडाबाई म्हणाली. आणि अगदी सरळ मनानं तिनं विचारलं, "मग करू गेलं होतं का कुणी?"

 मानकरी उठून निघाला, आणि चिखलात धोतराचा सोगा लोळतोय, याचंही त्याला भान राहिलं नाही.

तिथून तो थेट देवीच्या गुरवाकडे गेला आणि पालखी कुंभारआळीत न्यायची म्हणाला. गुरव हुशार होता. मानकऱ्याची अडचण त्याच्या लगेच लक्षात आली. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "आबा, एवढी वर्षं नाही म्हणालात, आता हो म्हणालात तर लोक विचारतील. तुमच्या घराण्याचा मान आहे. त्यापेक्षा आपण कौल लावू. देवीच्या उजव्या हाताला कळी लावायची. ती पडली की देवीचीच इच्छा. कळी कशी लावायची ते माझ्याकडे लागलं."

मानकऱ्याला मोह झाला. किती सोपं होतं! कळी पडणार, लोक हात जोडणार, कोंडाबाईचा नवस फिटणार. कुणाचं वाईट नाही. आणि आपल्यालाही मान खाली घालायला लागणार नाही.

मग त्याला खाटेवरचा तो आवाज आठवला: म्हणजे आईचाच शब्द.

"नको गुरवबुवा," तो म्हणाला. "माझा नकार इतकी वर्षं देवीच्या नावावर खपला. आता माझी चूकही तिच्याच नावावर झाकू?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं गाव पारावर बोलावलं. डोळे मिटून बसणारा माणूस आज उभा होता आणि डोळे उघडे होते. त्यामुळेच त्याला बोलणं जड जात होतं. समोरच्यांचे चेहरे दिसत होते ना.

"मंडळी, कुंभारआळीतून पालखी जात नाही, असं मी दर वर्षी सांगत आलो. मी ती आळी कधी पाहिलीच नव्हती. या नवरात्रात पहिल्यांदा गेलो. कोंडाबाईचं घर वळणाच्या अलीकडे आहे."

 मानकऱ्याला वाटलं, आता लोक हसतील. हसले असते तर चाललं असतं. पण सगळे जमिनीकडे बघत होते.

शेवटी पालखी वाहणाऱ्या भोयांपैकी एकजण म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, आबा."

"माहीत होतं?"

"तिथूनच तर जातो आम्ही नदीवर. घर अलीकडे आहे, सगळ्यांनाच ठाऊक. पण तुम्ही एवढा मोठा शब्द बोलायचात. वाटायचं, आपल्याला न कळणारं काही असेल त्यात."

पुतण्यानं मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला टेकली. म्हातारा कुंभार एका कडेला बसून बोटानं मातीत रेघा ओढत होता. त्याच्याकडे बघायची कुणाची छाती होईना. लाज एकट्या मानकऱ्याची राहिली नव्हती, ती सगळ्या पारावर पसरली होती.

गुरव खाकरला. "ते सगळं खरं. पण आत गेलेली पालखी बाहेर कशी काढणार? आळीत दांडा फिरत नाही. आणि देवीची पालखी मागे फिरवायची नाही, ही रीत आहे."

पूर्वी असतं तर इथे तो शब्द आला असता आणि सगळे उठून घरी गेले असते. आज तो आला नाही. म्हणून माणसं बसून राहिली आणि बोलू लागली.

"दांडा सोडवून पुन्हा बांधावा."

"देवी जमिनीवर ठेवणार? भलतंच!"

"मागच्या परसातून काढली तर?"

"परसात भट्टी आहे रे बाबा, देवीला काय भाजायचंय?"

तेवढ्यात तोच भोई म्हणाला, "पालखी कशाला फिरवायची? आम्हीच फिरू. दांड्याखाली एकेकानं तोंड वळवायचं. पुढचे मागचे होतील, मागचे पुढचे. पालखी जागची हलणार नाही."

"म्हणजे देवी उलटी जाणार!" गुरव म्हणाला. "चालायचं एकीकडे आणि मुखवट्याचं तोंड दुसरीकडे? कुठे पाहिलंय असं?"

पाराच्या मागे बायका उभ्या होत्या. त्यांच्यातून मानकऱ्याची बायको म्हणाली, "पाहिलंय की, गुरवबुवा. घरोघरी पाहिलंय. लेक माहेराहून सासरी निघते तेव्हा कशी जाते? पाय पुढे चालतात आणि तोंड आईकडे असतं."

 गुरव नाक ओढून म्हणाला, "बरं. तसंच होऊ दे."

दसऱ्याला पालखी डोंगर उतरली. वाजंत्री, हलगी, गुलाल. मानकरी पुढे चालत होता. पेठेतून जाता जाता तो डावीकडे वळला आणि सगळं गाव त्याच्यामागे कुंभारआळीत शिरलं. आळीतल्या बायांनी पहाटेच राख-खापरं काढून सडा घातला होता. दांडा भिंतींना घासेल की काय म्हणून दोन्हीकडे माणसं हात लावून चालत होती. पालखी कोंडाबाईच्या दारात थांबली. भोयांनी गुडघे वाकवून ती खाटेच्या उंचीला आणली.

वाजंत्री थांबली. कोंडाबाईनं आडव्याआडव्याच गाठोडं सोडलं. एकही दाणा खाली सांडू दिला नाही. हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. मग मुखवट्याकडे बघत राहिली. 

"घेतलीस ना आई?" ती एवढंच म्हणाली.

म्हातारा कुंभार दाराआड जाऊन उपरण्यानं डोळे पुसत होता.

कोंडाबाईनं मान वळवून मानकऱ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "तुमच्यामुळे झालं, आबा."

याहून मोठा चटका दुसरा नसेल. मानकरी खाली बसला आणि त्यानं तिचे जोडलेले हात आपल्या हातांनी सोडवले. "असं म्हणू नका. माझ्यामुळे थांबलं होतं."

ती हसली. "थांबलं होतं म्हणजे अडकलेलं होतं. गेलेलं नव्हतं."

भोई दांड्याखाली एकेक करून वळले. पालखी जागची हलली नाही. मग वाजंत्री पुन्हा सुरू झाली आणि पालखी आली त्या वाटेनं निघाली. मुखवटा मात्र घराकडेच बघत होता. मानकऱ्याची जागा आता पालखीच्या दुसऱ्या टोकाला होती, पण त्याच्यानं तिकडे जाववेना. तो कोंडाबाईच्या उशाशीच उभा राहिला. देवी कोंडाबाईकडे बघत बघत लांब जात होती, आणि तो तिच्या शेजारीच होता, म्हणून त्याच्याकडेही बघत होती. कोंडाबाई डोळे भरून बघत होती. त्याला मात्र वर बघवेना. आळीच्या तोंडाशी पालखी दिसेनाशी होईपर्यंत तो मान खाली घालून, हात जोडून तसाच उभा होता.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: ज्या वाटेवर आपण पाऊल टाकलं नाही, ती बंद आहे असं कुणाला सांगू नये. आणि चुकून सांगून बसलो असलो, तर आपणच जाऊन ती उघडावी. लाज वाटेल, पण त्या लाजेनंच वाट उघडते.